कोशातला एक खोटा शब्द

प्रिय धाकटे,

माझ्या मुलांसमोर आपली भाषा बोलू नकोस, असे मी तुला बजावले. मुले शाळेत मागे पडतील, हा माझा युक्तिवाद बिनतोड होता. तू घर सोडलेस. आता तीच भाषा वाचवायला कोशकार बाई माझ्याकडे येतात. त्यांनी विचारले, "आजोबा, 'मला क्षमा कर' तुमच्यात कसं म्हणतात?" मला आठवेना. तसे कबूल करणे जिवावर आले, म्हणून मी एक शब्द रचून दिला. "किती गोड आहे हो," म्हणत बाईंनी तो नोंदवला. आज बाईंच्या भाषावर्गातली मुले तो घोकतात. तो खोटा आहे, हे ओळखणारी तू एकटीच उरली आहेस.

हे पत्र टपालात पडणार नाही. या मराठीत मागितलेली क्षमा तू घेणार नाहीस, आणि आपल्या भाषेत क्षमेसाठी माझ्यापाशी तो खोटा शब्द तेवढा आहे.

तुझा,
दादा