अठरा पिक्सेल

सोमवार, ३ फेब्रुवारी

पहिलाच शॉट वाया! शटर उडालं आणि पडद्यावर काळाठिक्कर चौकोन. कॅमेऱ्यामागे फिल्मच्या जागी लावलेली डिजिटल बॅक झोपलेली होती. मास्तरांची लेन्स तीस वर्षांपूर्वीची. तिला वाटतं, मागे अजून फिल्मच आहे. या बॅकला आधी जागं करावं लागतं, मग शटर — हे त्या म्हातारीला कोण सांगणार? वायर जोडली. दोन हात, दोन बटणं. चौथ्या खेपेला जमलं.

काम तसं साधं. शाळेमागची संरक्षक भिंत. गिलाव्याला भेग पडली म्हणून पालिकेच्या इंजिनियरसाहेबांनी जुना फोटो हुडकून काढला — भिंत नवी असताना मास्तरांनी आमच्याच इमारतीच्या गच्चीवरून काढलेला. आता त्याच जागेवरून, त्याच लेन्सने पुन्हा काढायचा आणि एकावर एक ठेवून बघायचं, भिंत हललीय का. लेन्स बदलली की रेषा बदलतात, तुलना फुकट जाते. गच्चीत मास्तरांनी ठोकलेला पितळी खिळा अजून शाबूत आहे. ओळंबा बरोब्बर त्याच्यावर आणला.

आई जिन्यातून ओरडली, "कठड्याला टेकू नकोस गं!"

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लेन्सवरचे अंतराचे आकडे साफ खोटे. फिल्मने इतकी वर्षं पोटात घातलं, बॅक काही घालत नाही. केसभर चुकलं की दगड लोण्यासारखे दिसतात. दिवसभर केसभर पुढे, केसभर मागे. शेवटी मास्तरांना फोन. (ज्यांच्या स्टुडिओत मी शिकले ते. हल्ली मुलीकडे असतात, हात कापतो, जीभ नाही.)

"लेन्सचं छिद्र अकरावर ठेव, पोरी. तिथं ती तरणी होते."

झाली! गिलावा उडालेल्या जागी भिंतीतल्या दगडांचे सांधे मोजून घ्यावेत.

बॅकचा चौकोन मात्र फिल्मपेक्षा लहान. वरचं आकाश आणि खालचं शाळेचं फाटक कापलं जातं. जाऊ दे. भिंत मधोमध आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दोन्ही फोटो एकावर एक ठेवले. लांब टेकडीवरची पाण्याची टाकी — तंतोतंत. एक रेषाही इकडची तिकडे नाही.

भिंत — अठरा पिक्सेल डावीकडे.

डावीकडे म्हणजे शाळेकडे. हिशेब केला: प्रत्यक्षात पाच सेंटीमीटर.

पुन्हा वर गेले. पुन्हा ओळंबा, पुन्हा फोटो. अठरा. कॅमेरा उतरवून नव्याने लावला. अठरा! खाली मधली सुट्टी झाली होती. पोरं भिंतीला टेकून डबे खात होती.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

साहेब हसले. "मॅडम, तीस वर्षांची काच आहे. तीच वाकडी झाली असेल."

"मग टाकी कशी जुळली?"

"मंगळवारी मोजणीचं यंत्र येतंय. तोवर काही आभाळ कोसळत नाही."

आभाळाचं कोण बोलतंय!

तडक ताईकडे गेले. बहीण म्हणून नाही, मुख्याध्यापिका म्हणून. टेबलाच्या या बाजूला बसले. तिने दोन्ही प्रिंट्स पाहिल्या आणि चष्मा काढला.

"तुझी खात्री आहे?"

"टाकी जुळते, भिंत जुळत नाही."

"टाकीचं विचारलं नाही मी. तुझी खात्री आहे का, चिमे?"

तीनशे दहा मुलं. परीक्षेला दोन आठवडे. आतापर्यंत तिने माझ्या शब्दावर साधी साडीसुद्धा घेतलेली नाही.

"आहे," म्हटलं.

तिने सूचना स्वतःच्या हाताने लिहिली. सही करताना माझ्याकडे बघितलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

शाळा बंद. फाटकाला कुलूप. आता मंगळवार.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

भिंत हललेली नाही.

दोन मिलिमीटरसुद्धा नाही. यंत्राने तीनदा मोजलं. भेग नुसत्या गिलाव्याची. साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, पालकांचा घोळका फाटकाशी उभाच होता. एक जण मोठ्याने म्हणाला, "बाईंनी फोटो काढला आणि शाळा बंद पाडली!" हशा. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला.

शाळा उघडायचा पालिकेचा लेखी हुकूम सोमवारशिवाय निघत नाही, म्हणजे ताईला आणखी पाच दिवस लोकांची बोलणी खायची.

घरी येऊन लेन्स कपाटात कोंबली. तेवढ्यात मास्तरांचा फोन. सगळं सांगितलं, वर लेन्सलाही चार शिव्या घातल्या.

"तिला कशाला बोलतेस? वाकडी असती तर टाकीही हलली असती." मग त्यांनीच विचारलं, "अठरा म्हणजे कुठे अठरा? भिंतीच्या डोक्याशी की पायाशी?"

"सगळीकडे अठराच."

"कललेली भिंत डोक्याशी जास्त हलते गं. पायासकट सारखी सरकायला ती काय चाकांवर आहे?"

हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही!

"माझ्या फोटोत फाटकाचा दगडी खांब आहे. तुझ्यात कुठंय?"

"कापला गेला. बॅक लहान पडते."

"मग बॅक सरकव आणि तो तुकडा वेगळा काढ. अर्धा फोटो बघून पूर्ण निकाल देऊन बसलीस!"

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी काढला. लॅपटॉप गच्चीतच उघडला, सावलीला.

टाकी — शून्य. भिंत — अठरा. फाटकाचा खांब — तेहतीस!

तो खांब खडकात रोवलेला आहे. त्याला हलवायला हत्ती लागेल. पुन्हा मोजलं. तेहतीस. लांबचं काहीच नाही, मधलं थोडं, जवळचं सगळ्यात जास्त. मास्तरांना आकडे वाचून दाखवले.

"तू आत्ता कुठं उभी आहेस?"

"गच्चीत. खिळ्यापाशी."

"खाली उतर. कॅमेरा राहू दे. आईला घे आणि खाली उतर."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

भिंत नाही. आमची इमारत कललीय, आणि तिच्याबरोबर गच्चीतला खिळाही सरकलाय. सहा सेंटीमीटर. साहेबांनी काल स्वतः मोजलं, आणि या वेळी हसले नाहीत. तळमजल्याच्या गोदामातली पोती हलवली तर मागच्या खांबाला हात जाईल एवढी भेग. तासाभरात बारा बिऱ्हाडं रस्त्यावर. आईला चौघांनी खुर्चीसकट उतरवलं. चारही मजले तिचं एकच — "गॅस बंद केलास ना?"

गाद्या, पातेली, रडणारी पोरं. जायचं कुठे, कुणालाच कळेना. ताईला फोन लावून सगळं सांगितलं.

"सगळ्यांना घेऊन ये," ती म्हणाली. "वर्ग रिकामेच आहेत — तुझ्याच कृपेने."