दोन टपल्या

प्रिय टॅव्हरिस,

गेल्या तीन आठवड्यांत तुला सात वेळा फोन केला. दोनदा तू उचललास आणि दोन्ही वेळा "बरं आहे, गुडघा बरा आहे" एवढं बोलून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. तुला हसू येईल, कारण माझं अक्षर तुला माहीत आहे. इतिहासाच्या परीक्षेआधी माझी वही नेलीस तेव्हा तुला निम्मं वाचताच आलं नव्हतं आणि आपण दोघंही नापास होता होता वाचलो होतो. पण फोनवर तू "जाऊ दे रे" म्हणशील, आणि मी खरंच जाऊ देईन. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही.

इथे सगळं तसंच आहे. वसतिगृहामागे पेकानच्या झाडाखाली बियांचा सडा पडलाय आणि दुपारभर कुणी ना कुणी पिशवी घेऊन वेचत असतं. तुझ्या पलंगावर मी अजून कपडे टाकलेले नाहीत, हे माझ्यासारख्या गबाळ्याच्या मानाने बरंच म्हणायचं. आणि तुझ्याबद्दल इथे काय बोललं जातं तेही तुझ्या कानावर आलं असेलच. दमला होता तरी बाहेर आला नाही, आणखी एकदा बॉल मिळावा म्हणून हट्टाने आत राहिला आणि गुडघा घालवून बसला, असं कोच हॅगूड सगळ्या पोरांसमोर म्हणाले. वसंतात पुढच्या वर्षाच्या संघाची यादी होईल तेव्हा तुझी जागा आणि शिष्यवृत्ती ठेवायची की नाही, ते याच बोलण्यावर ठरणार. मला त्याबद्दलच लिहायचं आहे, पण तिथवर पोचायला जरा वेळ लागेल. सांभाळून घे.

तुला आपला पहिला दिवस आठवतो? आपण दोघं रनिंग बॅक, बॉल काखेत धरून धावणं हेच काम, दोघं आपापल्या गावचे राजे, शाळेत असताना फुटबॉलच्या प्रत्येक सामन्यात तीस-तीस वेळा बॉल घेऊन धावलेले. हॅगूडनी फळ्यावर दोघांची नावं लिहिली, मधे रेघ मारली आणि म्हणाले, "माझ्याकडे ताट एक आहे आणि खाणारे दोन. उपाशी कुणी राहणार नाही, पण ढेकरही कुणी देणार नाही." तू मागून हळूच म्हणालास, "कोच, याचं पोट बघा, हा ताटासकट खाईल." सगळी खोली हसली आणि मी तुझ्यावर दोन दिवस चिडलो होतो. मग आपणच ठरवलं की शनिवारी ज्याला जास्त वेळा बॉल मिळेल, त्याने रविवारी चर्चच्या अंगणात मासे तळतात तिथे रांगेत उभं राहून दुसऱ्याचंही ताट आणायचं. त्या वर्षी मी किती रविवार उन्हात उभा होतो आणि तू बाकावर पाय पसरून "सॉस जास्त घाल रे" म्हणून ओरडत होतास!

यंदा ब्रायसन आला आणि ताटाला तिसरं तोंड लागलं. पोरगा गुणी आहे हे आपल्याला पहिल्याच दिवशी दिसलं, म्हणून तर राग आला. सोमवारी फळ्यावर आकडे यायचे, तुझे तेरा, माझे दहा, त्याचे पाच. पुढच्या सोमवारी तुझे अकरा, माझे नऊ, त्याचे आठ. त्याचा आकडा वाढायचा तो आपल्यातलं काढूनच. तू निदान तोंडावर बोलायचास, "बाळा, तू कमी जेव, तुझी वाढ झाली आहे." मी हसायचो आणि मनात आकडे जुळवत बसायचो. नऊचे आठ झाले तर मी तिसरा होतो, आणि तिसऱ्याला शेवटच्या वर्षी कोण विचारतं? माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, टॅव्हरिस. आईचा फोन आला तरी मी तिला आधी आकडा सांगायचो आणि मग तब्येत विचारायचो.

एका गोष्टीत मात्र आपल्या तिघांत कधी खोट नव्हती, ती टपलीची. आत असलेला दमला किंवा काही लागलं की स्वतःच्या हेल्मेटवर टपली मारतो आणि बाहेरचा धावत आत जातो. का, कशाला, काही विचारायचं नाही. पुढची पाळी ज्याची, त्याने हेल्मेट घालून कोचशेजारी उभं राहायचं आणि आतल्यावरची नजर काढायची नाही, कारण कोचचं लक्ष सगळ्या मैदानावर असतं. आत जायला माणूस आला नाही, तर आतल्याला जागा सोडता येत नाही. हे तुला काय सांगायचं, तूच ब्रायसनला शिकवलंस. "इथे आकड्यावरून भांड, पण टपली दिसली की पळ," हे तुझे शब्द.

त्या शनिवारी जुने विद्यार्थी आले होते, बँड होता, तुझी आई शाळेच्या बसची पाळी बदलून आली होती. दुसऱ्या सत्रात समोरच्या संघाचा तो दाढीवाला लाइनबॅकर माझ्या मानेवर आदळला. मी उठलो तेव्हा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत पेटला होता आणि मग एकदम मेला. बोटं हलत होती, पण ती माझी आहेत असं वाटत नव्हतं. मी कुणाला बोललो नाही. फिजिओला कळलं असतं तर हेल्मेट काढून घेतलं असतं आणि माझे उरलेले बॉल ब्रायसनच्या ताटात गेले असते. मी बाकावर बसून हात मांडीखाली दाबून धरला. तू येऊन विचारलंस, "काय झालं रे?" मी म्हणालो, "काही नाही, जरा मुंग्या आल्यात." चौथ्या सत्रात तुझी पाळी होती आणि पुढची माझी. मी हेल्मेट घालून कोचशेजारी उभा राहिलो, कारण तिथे उभा नसतो तर ब्रायसन उभा राहिला असता. तू लागोपाठ पाच वेळा बॉल घेऊन धावलास. सहाव्या वेळी तू पडलास आणि उठला नाहीस.

त्यानंतरचं सगळं ताट माझंच आहे. गेल्या शनिवारी सव्वीस वेळा बॉल मिळाला. न्हाव्याच्या दुकानात मला रांग लागत नाही, चर्चमधल्या बाया माझं ताट आधीच भरून ठेवतात, आणि जो आकडा मी दोन वर्षं मनात जपला तो आता फळ्यावर माझ्या नावापुढे आहे. आणि मला श्वास घ्यायला जागा नाही. हात प्रत्येक सामन्यात मरतो. टपली मारावीशी वाटते आणि मारता येत नाही, कारण मारली तर विचारतील, हात बघतील, कधीपासून म्हणतील, आणि कधीपासून याचं उत्तर त्या शनिवारपर्यंत जातं. सोमवारी हॅगूड ब्रायसनला सगळ्यांसमोर म्हणाले, "टॅव्हरिससारखी हाव करू नकोस, मॉन्ट्रेलकडे बघ." पोराने माझ्याकडे आदराने पाहिलं. मी बुटाची नाडी बांधत बसलो.

आज दुपारी सरावात हात इतका गेला की बॉल हातून निसटला. मी विचार न करता डाव्या हाताने टपली मारली, एकच आणि हलकी. हात खाली येईपर्यंत ब्रायसन माझ्यापाशी पोचला होता. त्याने काही विचारलं नाही. "जा, मी आहे," एवढंच म्हणाला. मी बाहेर येऊन गवतावर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. सगळ्यांना वाटलं हात दुखतोय.

रविवारी तुझी आई, आपल्या मिस व्हर्लीन, चर्चमध्ये भेटल्या. त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "तो जेवत नाही रे. नुसता पाय खुर्चीवर ठेवून बसतो. कोच म्हणतात ते खरं असेल म्हणतो. म्हणतो, आई, मी टपली मारली असती तर मॉन्ट्रेल आलाच असता. म्हणजे मीच मारली नसणार." मी त्यांच्या मिठीत तसाच उभा राहिलो. टॅव्हरिस, तू टपली मारली होतीस. पाचव्या धावेनंतर, वाकून उठताना, दोनदा. सामन्याच्या व्हिडिओत ते नाही, कारण बॉल हलल्यावरच चित्रण सुरू होतं. पण मी पाहिलं. मी मान खाली घातली आणि हनुवटीचा पट्टा अडकलाय असं दाखवत चाचपडत राहिलो, कारण माझ्या मेलेल्या हातात बॉल राहिला नसता आणि मला ब्रायसनला आत पाठवायचं नव्हतं. पट्टा नीट लागलेला होता. मला माफ कर असं लिहायला गेलो आणि तीनदा खोडलं, इतकं ते तोकडं आहे. उद्या फळ्यासमोर सगळ्यांच्या देखत हे सांगायचं ठरवलंय, पण मी एकदा मान खाली घातलेला माणूस आहे, माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. म्हणून आधी हे पत्र पेटीत टाकतोय. पुढच्या सोमवारपर्यंत हॅगूडचा फोन आला नाही, तर हेच त्यांच्यासमोर ठेव. खाली पूर्ण नाव त्यासाठीच लिहिलं आहे. आणि आज नीट जेव.

तुझाच,
मॉन्ट्रेल डिवेन पेटवे