पाहुणे आले तेव्हा मी पुण्याच्या एस्टीत होते

आई, तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस आणि मी उंबऱ्यात बसून मोठ्यानं पाठ करते आहे. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय लक्षात राहत नसे, आणि सायखेड्याच्या आपल्या घरात ऐकणारी तू एकटी. "इंग्रजी पुरे झालं, मला समजंल असं सांग," तू म्हणायचीस. मग मी बेडकाचं काळीज आपल्या बोलीत सांगायची. कुठे अडखळले की तू भाकरी उलटायची थांबायचीस. त्यावरूनच मला कळायचं, की हे आपल्यालाच नीट आलेलं नाही.

अशातच अण्णांनी स्थळ आणलं. मुलगा बँकेत, शनिवारी पाहुणे बघायला येणार. परीक्षा रविवारी पुण्याला, म्हणजे शनिवारी सकाळीच निघायला हवं. अण्णा म्हणाले, "परीक्षा पुढच्या वर्षीबी येईल. असं स्थळ नाय येणार." मी तुला म्हटलं, जाऊ दे, नको भांडण. तू एवढी कधीच चिडली नव्हतीस. "मग इतके दिवस माझं डोकं कशाला खाल्लं? बेडकाच्या काळजाला तीन खण असतात, हे मला आता झोपेतबी येतं. त्याचं मी काय करू, भाजीत घालू?"

शनिवारी अण्णा पाहुण्यांना आणायला ओझरला गेले आणि तू मला एस्टीत बसवलंस. कंडक्टरला दटावलंस, "पोरीला नाशकात पुण्याच्या गाडीत बसवून द्या." खडकीला मावशीकडे उतरायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एकटी निघाले होते. सिन्नरपर्यंत रडले, पुढे पुस्तक उघडलं.

घरी काय झालं ते काकूनं नंतर सांगितलं. पाहुणे बैठकीत बसले, पोह्यांच्या बश्या आल्या, मुलगी काही येईना. मग तूच डोक्यावर पदर घेऊन दारात उभी राहिलीस. "पोरगी पुण्याला गेली, डॉक्टरकीच्या परीक्षेला. बघायचंच असंल तर डॉक्टर झाल्यावर या. तीच तुमची नाडी धरून बघंल. आता चहा घ्या." मुलाचे वडील हसले म्हणे, आणि त्यांनी खरंच चहा घेतला. अण्णा मात्र कितीतरी दिवस तुझ्याशी बोलले नाहीत.

ते बोलले निकालाच्या दिवशी. माझी निवड झाल्याचं कळलं तशी त्यांनी सायकल काढली, पेढे आणले आणि पार नदीच्या घाटापर्यंत वाटत गेले. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "मीच म्हटलं, पोरीला शिकवायचं!" तू ऐकलंस आणि पदर तोंडाला लावून इतकी हसलीस, की तुला ठसका लागला.

आज नाशकात माझ्या दवाखान्याबाहेर बायका रांगेनं बसलेल्या असतात. त्यांचा आजार मी त्यांना समजेल असा सांगते, आणि तो त्यांना समजतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं, हेही मी विसरलेले नाही. तरी एक सांगते. माझं अक्षर औषधाच्या दुकानदारांनाही लागत नाही, पण हे पत्र मी दोनदा लिहून काढलंय, सुवाच्य.