राखेने न घासलेला डबा

कार्तिक वद्य पंचमी, बुधवार

परवा मी लिहिले की रॉकेलचा डबा जाऊबाईंनी घासला नव्हता. ते खोटे आहे. रिकाम्या डब्याला खिळ्याने भोके पाडून झारी त्यांनी केली. तो राखेने घासायचे काम माझे होते. मी नुसता विसळला, आत रॉकेल राहिले आणि त्या पाण्याने वांग्याची रोपे करपली.

सासूबाई जाऊबाईंनाच म्हणाल्या, "डब्याची झारी करायले कोनं सांगतलं होतं तुले? माह्यी रोपं जाळली." माझी चूक मी सांगितली नाही. जाऊबाईंना ठाऊक असून त्यांनीही माझे नाव घेतले नाही. काहून?

या घरात माझ्याशी बोलणाऱ्या त्या एकट्याच. तीन दिवस झाले, बोलत नाहीत. झारी गोठ्यामागे पडली आहे, रॉकेलचा वास अजून येतो. उद्या सासूबाई भाजी घेऊन मालेगावला जातील, तेव्हा ती राखेने घासेन. मग जाऊबाईंसमोर सासूबाईंना खरे सांगेन, परवा, शुक्रवारी सकाळी, वाफ्यांना पाणी घालताना.