मापाची सुतळी

सोमवार, ३ जून १९९६, सातारा
एवढं शिकून बंदुकांच्याच कारखान्यात का, असं आईनं विचारलं. कवठे महांकाळच्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बाईनं करू नये असं कुठलंच काम नसतं, एवढंच माझं म्हणणं. जागा झकास आहे. अक्रोडाच्या भुशाचा वास, तेलाचा वास. फौजेतून निवृत्त झालेले मानसिंग सुभेदार इथं बंदुकीचे दस्ते करतात: खांद्याला टेकतं ते लाकूड, आणि नळीखाली हात धरतो तेही. मी पत्रव्यवहार पाहायचा. पण काम शिकणारच.

शनिवार, ८ जून
दस्ता ज्याच्या-त्याच्या मापाचा लागतो. कोपराच्या वळणापासून बोटापर्यंत सुतळीनं माप घेतात आणि लगेच सुतळी तोडतात. मी हट्टानं माझं माप घ्यायला लावलं, सुतळी मात्र तोडू दिली नाही. बावीस प्रतिज्ञांच्या घरातली मी, असलं मानू? सुभेदारांचा चेहरा उतरला. कारागीर धुळा खेकसला, "आवं म्याडम, जित्याचं माप ठिवत न्हाईत. तिरडीला घेत्यात तसलं!" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "लय शिकलीया न्हवं, मरू दे तिकडं." मी सुतळी खणात ठेवली.

गुरुवार, १३ जून
माझ्या टेबलावर नवा दस्ता. कुणीच केला नाही म्हणतात. माझ्या गालावर कांजिण्यांचा खळगा आहे. लाकडावर गाल टेकतो बरोबर तिथं बारीक उंचवटा. नळीखालच्या लाकडावर माझ्या बोटांच्या खाचा. खणात सुतळी नाही.

शनिवार, १५ जून
धुळानं हसत त्या दस्त्यावर कानस फिरवली. इकडे माझ्या गालाची साल निघाली. रक्त—
सुभेदार म्हणाले, उतारा एकच. दुसऱ्या कुणाचं तरी माप घ्यायचं आणि सुतळी तोडायची नाही. मग लाकूड त्याचं होतं. मी म्हणाले, जीव गेला तरी हे माझ्याकडून होणार नाही.

सोमवार, १७ जून
उद्या दस्त्याला भोक पाडणार. बंदुकीला जोडायचा लांब बोल्ट, आरपार. मी धुळाच्या पाया पडले. म्हणाला, "बघू की, म्याडम कुठनं वरडत्यात—"

मंगळवार
जेवून धुळा भुशावर लवंडला होता. हात उताणा.
कोपराच्या वळणापासून बोटापर्यंत. तोडली नाही.
गाल भरून आला. लाकडावरचा उंचवटा गेला.
आता उठलाय. दस्ता यंत्राखाली लावतोय. मला दाखवून हसतोय—
त्याला सांगायचं नाही असं ठरवलं. सांगितलं नाही. यंत्र सुरू झा—