राणीसाहेबांच्या हातात थेट द्यावं

मी मारेन, ओलुफ सुताराची विधवा, राहणार स्टेनहोल्ट. डोकं ठिकाणावर आहे, छाती तेवढी गेलीय. माझ्यामागं कुणाला काय जावं ते माझं मी लिहितेय. पाद्रीबुवांनी चार जड शब्द सुचवले. ते मला लिहिता येत नाहीत, म्हणून गाळले.

घर, परस आणि तांबडी गाय भाची गीटाला. अट एकच. आतल्या खोलीत राणीसाहेब राहतात, त्या तिथंच राहतील. गीटाचा नवरा नील्स म्हणतो, "आत्याबाई, शहरात वेड्यांचं घर आहे की. तिथं डॉक्टर असतात." नील्स, ओलुफचे रंधे, करवती, सगळी हत्यारं तुला. घे आणि गप्प बस. राणीसाहेबांना हलवलंस तर घर चर्चचं.

तांब्याचं मोठं भांडं लोहाराच्या बायकोला. शेजारच्या किर्स्टिनेला नाही. तिची पोरं कुंपणावरून "वेडी राणी, वेडी राणी" ओरडतात आणि ही दारात हसत उभी.

गीटा, परवा तू रडत म्हणालीस, "आत्या, त्या हातातनं पाव ओरबाडतात गं! मला भीती वाटते." का ओरबाडतात ते ऐक.

राणीसाहेबांना दक्षिणेकडून लग्न करून आणलं तेव्हा पोर सोळाची होती. राजवाड्यात रीत अशी, की राणीच्या हातात रुमाल द्यायचा तरी तो हजर असलेल्यांतल्या सगळ्यांत मानाच्या बाईनं द्यायचा. राणीनं आपण होऊन घ्यायचं नाही. मी राजपुत्राची दूधआई, मला कसला मान? एका रात्री बाळाला घशाचं दुखणं झालं. माझ्या मांडीवर घरघरत होतं. राणीसाहेबांनी हात पुढे केले. मी बाळ द्यायला उठले, तर दरबारातल्या काउंटेसबाई आडव्या आल्या. "थांब. हा मान माझा."

दुसऱ्या जहागीरदारीणबाई म्हणाल्या, "तुमचा कसा? मानाच्या थोरल्या बाई आजारी आहेत, तर मान आमच्याकडे."

"तुमच्याकडे? काल वर आलेलं घराणं तुमचं!"

दोघींनी दोन बाजूंनी दुपटं धरलं. राणीसाहेब हात पसरून उभ्याच. तसंच शिकवलं होतं ना त्यांना. हातात दिलं तेव्हा बाळ गेलं होतं.

तेव्हापासून त्या कुणी द्यायची वाट बघत नाहीत. दिसलं की ओढून घेतात. परदेशी राजदूतांच्या मेजवानीत राजेसाहेबांच्या हातातला पेला ओढला. झालं, वेडी ठरवली. राजेसाहेबांनी दुसरी केली आणि हिला या माळावर पाठवली. सोबत कोण जाणार विचारलं, तर सगळ्या बायका जमिनीकडे बघायला लागल्या. मी गाठोडं बांधलं. काउंटेसबाईंना मी काही ठेवत नाही, शापसुद्धा नाही. तेवढा वेळ नाही.

तर पाव टेबलावर ठेवायचा नाही, वाकायचं नाही, थेट हातात द्यायचा, चटकन. दुधाचंही तसंच. ओरबाडलं तर ओरबाडू दे. कधी कधी संध्याकाळी त्या नुसतेच हात पुढे करतात. तेव्हा काही देऊ नकोस. तुझे हात दे.

हे वाचून गीटा "राहते" म्हणाली. नील्सनं मान हलवली. आता शब्द फिरवायचा नाही.

राणीसाहेबांना मीच सांगितलं. म्हटलं, "राणीसाहेब, मी आता फार दिवस नाही. चालले."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "मारेन, तुला जायची परवानगी दिलेली नाही."

"मग द्या."

"नाही. पुन्हा विचारू नकोस."

पुन्हा विचारलं नाही. सही परवानगीशिवाय करतेय.

मारेन, ओलुफची

समोर होतो आणि सही करताना पाहिलं:
पाद्री येन्स बाग्गे
राल्फ लोहार (अंगठा)

स्टेनहोल्ट, १४ नोव्हेंबर १७६२