गोराईच्या चिखलातली सभा

अंधेरी, आषाढातला रविवार

ती. नंदूदादास शर्मीचा वाकून नमस्कार. (वाकणं सध्या कागदावरच. गुडघ्यांचं काय झालं ते पुढे येईलच.) तुझं ब्लडप्रेशर आणि कुंदावहिनी, दोघंही शांत असतील अशी आशा करते. फोनवर तू मधेच हसतोस, म्हणून पत्र लिहितेय.

कणकवलीला कायमचा जाताना तू गोराईच्या शेतकी कॉलेजच्या नियामक मंडळावरची तुझी खुर्ची मला देऊन टाकलीस. वर म्हणालास, वर्षातून दोनदा चहा प्यायचा, मान हलवायची आणि होडीतून परत यायचं. अरे, माझी शेती म्हणजे गॅलरीतला कढीपत्ता, आणि तोही मेला. (त्याने काही अडत नाही, मंडळावर वकील आणि दातांचे डॉक्टरच जास्त आहेत, असंही म्हणालास. ते मात्र खरं निघालं.) पण शंभर वर्षांपूर्वी कॉलेज काढणाऱ्यांनी घालून दिलेली प्रथा तू साफ गिळलीस. पावसाळी सभेला येणाऱ्या सभासदाने आधी चिखलात उतरून भाताची रोपं लावायची, मगच मत द्यायचं. तुम्ही म्हणे बांधावरूनच रोपाला बोट लावून फोटो काढायचात. (तुझा फोटो हॉलमध्ये आहे. पँटची इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही.)

मला हे कोण सांगणार? मी साडी खोचून थेट मधोमध गेले. पहिली मूठ लावली, ती तरंगत वर आली. दुसरी लावायला पाय उचलला, तर तो येईना. दुसऱ्या पायावर जोर दिला, तर तो गुडघ्यासकट पहिल्याच्याही खाली गेला. आयुष्यभर पोरांना गुरुत्वमध्य शिकवला, तो त्या दिवशी मला प्रत्यक्ष भेटला. दोन प्राध्यापकांनी ओढून पाहिलं, त्यात एकाचा चष्मा गेला. शेवटी फळी आणायला माणूस पाठवला, आणि तोवर सभा कशाला खोळंबायची म्हणून खुर्च्या बांधावर मांडल्या. माझा चहा हातोहात आत पोचवण्यात आला.

विषय एकच होता. अध्यक्ष दशरथराव (हेच ते दातांचे डॉक्टर, बोलताना आपल्या डोळ्यांकडे बघतच नाहीत) म्हणाले, मुलं आता शेती कंप्युटरवर शिकतील, तेव्हा हे खाचर बुजवून लग्नांसाठी लॉन करू या. मतं निम्मी निम्मी पडली. राहिले मी.

तेवढ्यात मंडळावरचा युस्टेस, तुझा मरोळ गावठाणातला दोस्त, पँट दुमडून माझ्याजवळ आला. मला वाटलं, ओढायला आलाय. पण तो माझी तरंगणारी रोपं गोळा करून पुन्हा खोचायला लागला, आणि मान वर न करता म्हणाला, "शर्मी, आमच्या शेतावर आता पार्किंग आहे. मी तिथे गाडी लावतो ना, तेव्हा रोज पपांचा बांध कुठे होता ते शोधतो."

दशरथरावांनी बांधावरून माझं मत विचारलं.

"लॉन नको," मी म्हणाले. "आणि मला इथनं हलता येत नाही."

त्यातले निम्मे शब्द वाऱ्याने नेले असावेत. लावणी करणाऱ्या मुलांच्या कानांवर गेलं, की मॅडम इथनं हलणार नाहीत! टाळ्या झाल्या, फोन बाहेर निघाले, अर्धा वर्ग माझ्याभोवती चिखलात ठाण मांडून बसला. फळी घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी माझ्याजवळ फिरकू दिलं नाही. मी हातवारे करून त्याला बोलावत होते, तर पोरांना वाटलं मी घोषणा देतेय, म्हणून त्यांनीही दिल्या. शेवटी दशरथरावांनी घाबरून ठराव मागे घेतला, तेव्हा कुठे मला उपसून काढलं. डावी चप्पल कॉलेजला अर्पण झाली. खाचर वाचलं, आणि युस्टेसने होडीत सगळ्यांना शेंगदाणे वाटले.

तुझी (आता आंदोलक) बहीण,
शर्मिष्ठा

ता. क. युस्टेसला कळू देऊ नकोस, पण मी लॉनच्या बाजूनेच मत द्यायला गेले होते. आमच्या शौनकच्या लग्नाला मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत हॉल मिळेना, आणि दशरथरावांनी लॉनची पहिली तारीख आपल्याला कबूल केली होती.

आणखी एक. तेव्हा लग्न आता तुझ्या अंगणात. मुलीकडच्यांना मी कळवून टाकलंय. मंडपवाल्यालाही पत्ता दिलाय. तो आधी पोचतो की हे पत्र, सांगता येत नाही. वहिनीला तेवढं तू सांग.